असीलाच्या अंड्यातला जोर

मामाजींनी अंडं मुठीत धरलं आणि दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीला लावलं. मी चुलीपुढं बसले होते. हातात फुंकणी होती, पण फुंकायला छातीत वाराच नव्हता.

"दार आणखी लोट वं," ते म्हणाले. "उजेड लय येऊन राह्यला. घरात अंधार पाहिजे, तवा आतलं दिसते."

मी उठून दार लोटलं. माझी वैजू कोपऱ्यात पोत्यावर निजली होती. तीन वर्षांची पोर, पण उचलली तर वर्षाच्या लेकराएवढी भरायची.

मामाजी म्हणजे माझे सासरे, डोमाजी. त्यांची चंद्री कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, त्याला त्या दिवशी आठ दिवस झाले होते. आठव्या दिवशी मामाजी एकेक अंडं काढून उन्हाला लावून बघत. आत जीव धरला असला तर लाल नसांचं जाळं दिसतं. नसला तर अंडं नुसतंच पिवळट, कोरं. एकूण अंडी बारा. मामाजींच्या मते बाराही चंद्रीचीच. त्यातली आठ तिची नव्हती, आणि हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

"हे भरलं," मामाजी म्हणाले. "हेबी भरलं. वा रे माह्या फौजदारा!"

फौजदार हा त्यांचा कोंबडा. असील जातीचा, काळा-तांबडा, मान ताठ. अंगणात पायाला दोरी लावून बांधलेला असायचा. आपलं नाव ऐकून त्या मेल्याने बाहेर बांग दिली.

मी मनात मोजत होते. पाच, सहा, सात. सातव्याला मामाजी थांबले.

"पंचफुले."

"जी?"

"इकडं ये."

मी फुंकणी खाली ठेवली. गेले. मामाजींच्या एका तळहातावर एक अंडं, दुसऱ्यावर दुसरं.

"हे पाह्य अन् हे पाह्य. रंग एकच हाये. पण हे मोठं नाही दिसत?"

दिसत होतं. आंधळ्यालाही हाताने कळलं असतं. मी म्हटलं, "कोंबडीचं तसंच असते ना मामाजी. सुरवातीची अंडी लहान, मंग जशी जशी देते तशी मोठी होत जातात."

त्यांनी अंड्यावरची नजर काढून माझ्यावर लावली. "तुले कोणं सांगितलं?"

"ताराबाई म्हणत होती."

"ताराबाईकडं कवा गेलती?"

जीभ ही बाईची वैरीण, असं माझी आई म्हणायची ते उगाच नाही. "खत आणाले," मी म्हटलं. "कोंबड्यांचं. वांग्याच्या वाफ्यात टाकाले."

"त्या सरकारी कोंबड्यांचं खत माह्या वाफ्यात?" ते म्हणाले. "त्या कोंबड्या नाहीत वं, अंड्याच्या मशिनी हायेत. नको घालू त्यांची सावलीबी माह्या चंद्रीवर."

पुढची पाच अंडी त्यांनी बघितली. दोन कोरी निघाली. दोन्ही लहानातली, म्हणजे चंद्रीची खरी. मामाजींनी ती बराच वेळ हातात फिरवली, मग परसात नेऊन फेकली. म्हणजे आता कोंबडीखाली दहा अंडी, आणि त्यातली खरी दोनच. मी चुलीत फुंकर घातली तर डोळ्यांत राख उडाली. बरंच झालं, रडायला निमित्त मिळालं.

आता हे सगळं कशामुळं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई वेडी होती.

आमचं गाव चंद्रपूरच्या पार टोकाला, जंगलाच्या कडेला. धान कापून झालं की आजूबाजूला चोरून कोंबडबाजार भरायचे. कोंबड्यांच्या पायाला काती, म्हणजे धारदार पाती, बांधून झुंजवायचे. मामाजी पैसा लावत नसत, नाव लावत. डोमाजीचा असील म्हटलं की चार गावचे लोक बाजूला सरकत. ही त्यांची जात त्यांच्या बापापासून चाललेली. पण असील कोंबडी अंड्याच्या बाबतीत महाकंजूष. दहा-बारा देते की खुडूक होऊन बसते. वर्षाला तीस-पस्तीस झाली तर डोक्यावरून पाणी. म्हणून त्या घरात अंडं खायचं नाही, हा नेम. प्रत्येक अंडं बसवायचंच. माझ्या थोरल्या जावेने एकदा एक फुटलेलं अंडं, फुटलेलंच हो, तव्यावर टाकलं होतं. मामाजींनी त्याच दिवशी दिराला वेगळं काढलं. तेव्हा ते उंबऱ्यात उभं राहून म्हणाले होते, "ज्यानं माह्या अंड्याले हात लावला, त्याचं या घरातलं पाणी सरलं." मी नवीन सून होते. ते वाक्य माझ्या हाडात जाऊन बसलं.

माझा नवरा बरा माणूस, पण माघ लागला की आंध्रात मिरची तोडायला जायचा तो चैतात उगवायचा. घरात मी, मामाजी आणि लेकरू. सासू कधीच गेलेली.

वैजूच्या आधी मला एक मुलगा होता, बाळ्या. दोन वर्षांचा झाला आणि उतरायला लागला. पाय काड्यांसारखे, पोट फुगलेलं, डोळे तेवढे मोठे. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, अंडं द्या, डाळ द्या. मी ताराबाईकडून अंडी आणली, चार आणली, पेजेत कालवून चारली. पाचव्या दिवशी बाळ्या गेला. तेव्हा वैजू पोटात होती.

आता वैजूला तीन वर्षं झाली आणि तिचेही डोळे मोठे दिसायला लागले. अंगणवाडीतल्या वजनाच्या कागदावर तिचा ठिपका लाल पट्ट्याच्या खाली गेला. बाईंनी नुसता पेन त्यावर टेकवून ठेवला. मला बाळ्याचा कागद आठवला. त्याचाही ठिपका तिथंच होता, अगदी तिथंच. त्या दिवसापासून मी लेकराच्या छातीवर हात ठेवूनच निजायचे. जरा श्वास लांबला की माझा जीव जायचा.

मी ठरवलं, साधं अंडं चालणार नाही. बाळ्याला साधं दिलं होतं, काय झालं? जोर पाहिजे तर असीलाचा पाहिजे. हे मी माझ्या मनाने नाही काढलं. मामाजी बाजारातून आले की अंगणात लोकांना सांगत, "असीलाच्या अंड्यात वाघाचा जोर असते गा! एक अंडं खाल्लेलं लेकरू झाड उपटते." शंभरदा ऐकलं असेल मी. म्हणजे औषध घरात होतं, टोपलीत, भाताच्या कोंड्यावर ठेवलेलं. आणि त्याला हात लावला की पाणी सरलं.

चंद्रीची चार अंडी टोपलीत गेलेली होती. पाचव्यापासून मी सुरू केलं.

त्यासाठी बदलीचं अंडं लागणार होतं. मी ताराबाईकडं गेले. ताराबाई आमच्या कुंपणापलीकडची, विधवा, जिभेने तिखट, मनाने गूळ. तिला सरकारी योजनेत कोंबड्या मिळाल्या होत्या, पाच-सहा तऱ्हेच्या. मी म्हटलं, "बाई, मी रोज तुमचा खुराडा झाडून देतो, मले एक दिसाआड एक अंडं द्या. कोंबडीखाली ठेवाचं हाये."

"घे की. कोणतं पाहिजे?" तिने टोपली पुढं केली. "हे पांढरं लेगहॉर्नचं. रोज देते माय, एक दिवस खाडा नाही. पण बसाचं नाव घेत नाही. हे गिरीराजचं, हे पाह्य केवढं. पण ते अंगानं जाड, खाते दोघांचं अन् देते अर्ध्याचं. काळं कडकनाथ हाये, त्याचं अंडं लहान."

माझी नजर त्या लहान अंड्यावर गेली. फिकट, जवळजवळ चंद्रीसारखंच. हात पुढं केला, तर ती म्हणाली, "पिल्लू मात्र काळंकुट्ट निघते, पायापासून चोचीपर्यंत." मी हात मागं घेतला. डोमाजी असीलवाल्याच्या कोंबडीखाली काळीकुट्ट पिल्लं! मला तिथंच घाम फुटला.

"हे तांबूस कोणाचं?"

"हे लालीचं. त्या जातीचं नाव ऱ्होड आयलंड काहीतरी हाये, माह्या तोंडात नाही बसत. अंडं चांगलं मोठं, देतेबी चांगलं. मले विचारशील तर घरच्यासाठी हेच घ्यावं."

"यातलं लहान नाही?"

ताराबाईने कमरेवर हात ठेवले. "सारं जग मोठं अंडं मागते अन् तू लहान मागून राह्यली?"

"आमची कोंबडी लहान हाये ना बाई. मोठी अंडी पोटाखाली मावत नाहीत."

ती हसली. मग तिने मला तीन तलंगा दाखवल्या, लालीच्याच जातीच्या, याच महिन्यात अंड्यावर आलेल्या. एकीला उलटी धरून तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांत आपली बोटं लावली. "पाह्य. दोन बोटं मावली म्हणजे देऊन राह्यली. अन् नवी असली की अंडं लहान. पंधरा-वीस दिवसांनी मोठं होईन. कोंबडा कितीबी मोठा असू दे, अंड्याचा आकार कोंबडीच ठरवते, समजलं?"

समजलं. माझ्यासाठी तेवढंच महत्त्वाचं होतं: या पोरींची अंडी आता चंद्रीसारखी आहेत, पण लवकरच मोठी होतील. म्हणजे माझ्याकडं दोन-अडीच आठवडे होते.

आज माझ्याकडं दीडशे कोंबड्या आहेत. बायका विचारायला येतात, काकू कोणती जात घेऊ, अंडं मोठं कोणाचं? मी सगळं सांगते, बोटं लावून दाखवते. पण तांबूस लहान अंडं हातात आलं की अजून माझ्या तळव्याला घाम येतो.

मामाजी रोज सकाळी फौजदाराला बोडीवर पोहायला न्यायचे. पोहण्याने कोंबड्याची छाती भरते म्हणत. ते गेले की चंद्री अंडं द्यायची. मी ते ऊनऊन उचलायचे, ताराबाईचं तिथं ठेवायचे आणि चंद्रीचं भाताच्या पातेल्यात टाकायचे. मामाजी येऊन ठेवलेलं अंडं उचलत, त्यावर कोळशाने फुली मारत आणि टोपलीत ठेवत. वैजूला मी मांडीवर घेऊन भरवायचे, आणि वर तिच्या तोंडाला पाणी लावून वास घालवायचे. टरफलं चुलीत. आठ अंडी अशी गेली. प्रत्येक वेळी मी चोरासारखी दाराकडं बघत होते. चोरच होते म्हणा.

एकदा मामाजी जेवत बसले असताना वैजू त्यांच्या मांडीला टेकून म्हणाली, "आबा, अंदं."

माझ्या हातातली पळी भातात गेली ती वर येईना.

"काय म्हणते पोट्टी?" मामाजींनी विचारलं.

"अंदं. पिवळं पिवळं."

"कोणं दाखवलं?"

"मी," मी म्हटलं. "टोपलीतली पाह्यली तिनं, तुमी फुली मारत होते तवा."

मामाजी हसले. "आतून पिवळं असते हे कसं समजलं तिले?" एवढं म्हणून त्यांनी भाताचा घास घेतला. ते गमतीने म्हणाले की संशयाने, मला आजपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवशी मी जेवले नाही.

अंगणवाडीत वैजूचं वजन केलं तर ठिपका वर सरकला होता. पट्ट्याच्या आत. बाई म्हणाल्या, "काय चारलं?" मी म्हटलं, "देवाची कृपा." घरी येताना मी वाटेत एका झाडाखाली बसून हुंदके देऊन रडले. माझं लेकरू वाचतंय असं मला वाटलं. असीलाचा जोर!

मग चंद्री खुडूक झाली, अंडी बंद झाली. मामाजींनी तिला बाराही अंड्यांवर बसवलं. आणि आठव्या दिवशीचं मी सुरुवातीला सांगितलं.

खरी भीती तर पुढंच होती.

बाराव्या दिवशी मामाजी फौजदाराला घेऊन बाजाराला गेले. दुपार कलायच्या आत परत आले, तेव्हा त्यांच्या काखेत काही नव्हतं. आमच्याकडं रीत आहे, झुंजीत हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा होतो. जिवंत असो की मेलेला. तो नेतो आणि रांधून खातो. मामाजी रिकाम्या हाताने अंगणात उभे होते. फौजदाराची दोरी तशीच खुंटीला होती.

मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"गेला," ते म्हणाले. "एका झेपेत गेला गा." मला 'गा' म्हणाले, जसं बाप्याशी बोलावं तसं. मग ते चंद्रीच्या टोपलीपाशी जाऊन उकिडवे बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता जे काही हाये ते हिच्या पोटाखाली हाये. माह्या बापाची जात आता या दहा अंड्यांत राह्यली, पंचफुले."

मी उभी होते तिथंच खांब धरला. फौजदार होता तोवर मी मनाला सांगत होते, दोनच पिल्लं निघाली तरी पुढच्या वेळी चंद्री पुन्हा देईल. आता पुढची वेळ नव्हती. मी त्यांच्या बापाची जात माझ्या पोरीच्या पोटात घातली होती.

आणि त्या पोरीचं काय? अंडी बंद होऊन दोन आठवडे होत आले, ती पुन्हा उतरायला लागली होती. गळ्याखाली खड्डा पडायला लागला. चंद्री बसलेली, असीलाचं अंडं कुठून आणू? ताराबाई म्हणायची, "घेऊन जा ना वं दोन, पोरीले चार." मी नाही म्हणायचे. बाळ्याला चारली होती तीच अंडी, तीच ताराबाई. मला ती अंडी पोरीच्या तोंडाजवळ न्यायचीच भीती वाटायची. जणू तेच अंडं बाळ्याला घेऊन गेलं होतं.

त्यानंतर मामाजी बोडीवर जाईनात. दिवसभर टोपलीपाशी. चंद्रीला दाणा हाताने घालायचे. रोज दिवस मोजायचे. "आज सोळा. आज सतरा." मी चुलीपुढून ऐकायचे. पिल्लं निघाली की त्यांना एका नजरेत कळणार. असीलाच्या पिल्लाचं डोकं वेगळं, पाय जाड, तुरा वाटाण्यासारखा. लालीची पिल्लं विटकरी, डोक्यावर तुऱ्याची सरळ रेघ. आणि मग काय? नवरा चैतात येणार. तोवर मी आणि वैजू कुठं? माहेरी भावाच्या दारात? तिथं तर भाताचीच मारामार.

विसाव्या दिवशी मामाजी म्हणाले, "मी बांबू तोडून आणतो. पिल्लांले नवा डालगा विणला पाहिजे." कोयता घेऊन ते जंगलाकडं गेले.

मी दार लावलं. माझं ठरलं होतं. मुंगूस आलं म्हणायचं. दहाही अंडी फोडायची, चार पिसं उपटून टाकायची. जात गेली तर मुंगसाने नेली, माझ्या पोरीने नाही. मी चंद्रीला एका हाताने दाबून धरलं. ती अशी चावली की अंगठ्यातून रक्त आलं. पहिलं अंडं काढलं, लालीचं. फोडायला पाट्यावर उचललं आणि हातातल्या हातात ते बोललं.

खरंच सांगते. आतून चिव् असा आवाज आला. विसाव्या दिवशी येतो, मला आता माहीत आहे, दीडशे कोंबड्यांवाली आहे मी. तेव्हा माहीत नव्हतं. मी ते कानाला लावलं. आत कोणीतरी टोचत होतं, टुक्, टुक्, आणि मध्येच दमून गप्प व्हायचं. मी त्या अंड्याचा श्वास मोजायला लागले, वैजूचा मोजते तसा. मग मी ते परत चंद्रीखाली ठेवलं आणि पाट्याजवळ बसून राहिले. नाही झालं माझ्याच्याने.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजींनी हाक मारली. "निघून राह्यले गा! ये, पाह्य!"

मी वैजूला कडेवर घेतलं. का घेतलं माहीत नाही. पोर कडेवर असली तर हात उगारणार नाहीत असं वाटलं असेल. मामाजी चंद्रीखाली हात घालून एकेक पिल्लू काढून नव्या डालग्यात ठेवत होते. एक विटकरी. दुसरं विटकरी. तिसरं गडद, डोक्याने जाड. चौथं विटकरी. त्यांचा हात हळू होत गेला. शेवटी डालग्यात नऊ पिल्लं होती, सात विटकरी, दोन गडद. दहावं अंडं गार होतं.

मामाजींनी एक विटकरी पिल्लू उचललं, अंगठ्याने त्याच्या डोक्यावरची पिसं सारली. सरळ रेघ. त्यांनी दुसऱ्याची सारली. मग ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हे माहे नाहीत."

मी वैजूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पंचफुले, हे माहे नाहीत. हे त्या सरकारी लालीचे हायेत. माही अंडी कुठी गेली?"

उंबरा माझ्या मागं तीन पावलांवर होता, मी मान वळवून तोच बघत होते. मग मी म्हटलं, "वैजूनं खाल्ली. मी चारली. आठ."

त्यांनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर राग असता तर मी पळाले असते. त्यावर काहीच नव्हतं.

"अन् ही आठ?"

"ताराबाईची. तुमची काढली अन् ही ठेवली."

"ताराबाईची होती तुह्यापाशी?"

"हो."

"तुह्या हातात होती. चांगली, ताजी." ते एकेक शब्द मोजून टाकत होते. "मंग तीच पोरीले काहाले नाही चारली?"

"त्यात जोर नसते, मामाजी. बाळ्याले तीच चारली होती मी. असीलाच्या अंड्यात वाघाचा जोर असते, तुमीच म्हणता ना. एक अंडं खाल्लं तर लेकरू झाड उपटते."

मामाजींनी पिल्लू खाली ठेवलं. हात गुडघ्यावर पुसले, परत पुसले.

"अवं," ते म्हणाले, "ते मी बाजारात म्हणतो."

मला कळलं नाही.

"कोंबड्याचं नाव व्हावं म्हणून म्हणतो. अंडं म्हणजे अंडं. माह्या चंद्रीचं तर ताराबाईच्या अंड्याहून लहान. तेवढ्याच कामाचं, नाही तर कमीच."

मी खाली बसले. वैजू माझ्या मांडीत. पंधरा-सोळा दिवस मी पदरात अंडी लपवून आणली, एकेक करून कोंबडीखाली ठेवली, आणि पुढचे तीन आठवडे घरी पोरीचा गळा खोल जात होता. ताराबाई रोज म्हणत होती, घे दोन. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच निघालं.

"मंग बाळ्या काहाले गेला, मामाजी? त्याले तर चारली होती."

"किती?"

"चार."

"चार अंड्यांनं काय होते वं पोरी. त्याले महिना दोन महिने पाहिजे होती."

चंद्री त्या परक्या पिल्लांना पंखाखाली घ्यायला धडपडत होती, तिला जातीचं काही पडलं नव्हतं. मला कुठून धीर आला देव जाणे. आठ वर्षं त्या घरात मी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"मी मागितली असती, तर दिली असती तुमी?"

त्यांनी वैजूकडं पाहिलं. नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. तिचे हात, तिचा गळा, तिचे मोठे डोळे.

"नाही," ते म्हणाले. मग, माझ्याकडं न बघता, "बाळ्याच्या वेळीबी टोपलीत अकरा होती."

ते उठले. चप्पल शोधली नाही, पटका बांधला नाही, तसेच उन्हात ताराबाईच्या घराकडं निघाले. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला. ते ताराबाईला म्हणत होते, "रोजची दोन अंडी पाहिजेत. तुह्या खुराड्याचं काम मी करीन. नातीसाठी पाहिजेत."